वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचे निवडुंग विक्रीला काढण्यापूर्वी

प्रश्न : गेल्या अकरा वर्षांत माझ्या गच्चीवर सुमारे साडेतीनशे कुंड्या जमल्या आहेत. त्यांत कॅक्टस, हॉवर्थिया, इचेवेरिया, युफोर्बिया, अडेनियम अशी अंगात पाणी साठवणारी सगळी मंडळी आहेत. गेल्या दिवाळीत ओळखीच्या दोघी-तिघींनी भेट देण्यासाठी माझ्याकडून रोपे विकत घेतली आणि तेव्हापासून या छंदाचा छोटा व्यवसाय करावा असे वाटू लागले आहे. घरचे म्हणतात, पैसे देऊन काटे कोण घेणार? सुरुवात कशी करावी आणि भांडवल किती घालावे? – एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याकडे आज साडेतीनशे कुंड्यांचा संग्रह आहे, परंतु विकण्याजोगा माल कदाचित तीस कुंड्यांचाही नसेल, हे प्रथम मोकळेपणाने सांगावेसे वाटते. संग्राहक एकेक नग वेगळा असावा म्हणून धडपडतो, तर रोपवाटिका चालवणाऱ्याला एकाच जातीची दोनशे सारखी रोपे हवी असतात. छंदाचा व्यवसाय करताना बहुतेकांचे पाऊल घसरते ते इथेच. दिवाळीत मागणी येते, हाताशी दुसरे काही नसते, म्हणून जपलेली झाडे एकेक करून विकली जातात, आणि संक्रांतीपर्यंत गच्ची अर्धी रिकामी होऊन पुढच्या वर्षी पिल्ले (बुंध्याशी फुटणारी छोटी रोपे) धरायला मूळ झाडच उरत नाही. तेव्हा एका रविवारी वही घेऊन गच्चीवर बसावे आणि प्रत्येक झाडापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात : गेल्या वर्षभरात त्याने किती पिल्ले, फांद्या किंवा बिया दिल्या, आणि गेला मे महिना त्याने कसा काढला. ज्यांच्यापुढची दोन्ही उत्तरे समाधानकारक आहेत ती आपली मातृरोपे. त्यांच्या कुंडीला रंगाची एक खूण करावी, आणि खूण असलेली कुंडी कितीही पैसे मिळत असले तरी विकू नये.

यांतल्या दुसऱ्या, म्हणजे मे महिन्याच्या उत्तराला मी अधिक महत्त्व देतो, कारण आपण सोलापूरात आहोत. पुण्या-बंगळूरच्या रोपवाटिकांची छायाचित्रे पाहून आपल्याकडचे लोक इचेवेरियाच्या मागे लागतात. कमळासारखी दिसणारी ती रोपे मोहक असतात यात शंका नाही. परंतु त्यांतील बहुतेक जाती मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातील असून त्यांना रात्रीचा गारवा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि मध्यरात्रीही गच्चीची फरशी पायाला ऊन लागते, तेव्हा ही रोपे आतून पाणथळ होऊन दोन दिवसांत बसतात. ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणून विकता येतील, पण त्यांच्यावर व्यवसाय उभा करता येणार नाही. याउलट अडेनियम, काटेरी युफोर्बिया, सान्सेव्हिएरिया, जेड या नावाने विकली जाणारी पोर्तुलाकारिया, कोरफडीच्या शोभिवंत जाती, अगेव्ह आणि मॅमिलारियाच्या भराभर पिल्ले देणाऱ्या जाती ही सोलापूरच्या उन्हात टिकणारी मंडळी आहेत. ग्राहकाच्या घरी नेलेले झाड पुढच्या वर्षीही जिवंत असेल तरच तो दुसरे घ्यायला येतो. पहिल्या महिन्यात मेलेल्या झाडाची जाहिरात तो न सांगता चार घरी करतो.

काटे कोण घेणार, हा घरच्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काटेरी झाड घरात असू नये असे मानणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि विक्रेत्याने त्यांच्याशी शास्त्रार्थ करण्यात काही हशील नाही. अशा ग्राहकापुढे पोर्तुलाकारिया, हॉवर्थिया किंवा फुलावर आलेले अडेनियम ठेवावे आणि काट्यांचा विषयच काढू नये. काटेरी कॅक्टस घेणारा ग्राहक निराळा असतो : वसतिगृहातील विद्यार्थी, दवाखान्याच्या टेबलावर काहीतरी हिरवे हवे असलेले डॉक्टर, कार्यालयात एकगठ्ठा भेटी देणारे लोक. माझा अनुभव असा की पहिल्या वर्षी विक्रीत बिनकाट्याचा माल दोन हिस्से आणि काटेरी एक हिस्सा ठेवावा.

आता भांडवल. पुढील आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. समजा, तीन इंची कुंडी, माती आणि नावाची पट्टी मिळून एका रोपाला १५ रुपये लागले. शंभर रोपे लावली तर १,५०० रुपये झाले आणि ती दाटीने एक चौरस मीटर जागेत मावली. त्यांतील पंचवीस दगावली आणि उरलेली पंचाहत्तर आठ महिन्यांनी ६० रुपयांना गेली, तर ४,५०० रुपये येऊन ३,००० सुटले. हे ऐकून कोणीही वीस चौरस मीटरचे शेडनेट टाकायला निघेल. पण वीस चौरस मीटर म्हणजे दोन हजार रोपे आणि ३०,००० रुपये खर्च; जगलेल्या पंधराशेपैकी निम्मीच विकली गेली तर हाती येतात ४५,०००, म्हणजे सुटतात १५,०००, आणि त्यात आपली मजुरी, पाणी व शेडनेटची किंमत धरलेलीच नाही. उरलेली साडेसातशे रोपे पुढच्या उन्हाळ्यात सांभाळायची ती वेगळीच. रोप वाढवणे जमते, ते खपवणे जड जाते. म्हणून पहिल्या वर्षी पाच-सहा चौरस मीटरच्या पुढे जाऊ नये, कर्ज काढू नये, आणि गच्ची असेल तर ओल्या मातीचे वजन स्लॅबला पेलेल का हे बांधकाम जाणणाऱ्या माणसाला विचारून घ्यावे.

एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यात फुकटात मिळण्यासारखी आहे. सोलापूर जिल्ह्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागा आता ठिकठिकाणी दिसतात. फळे संपल्यावर छाटलेल्या त्रिधारी फांद्यांचे ढीग बांधावर पडतात. ड्रॅगन फ्रूट हा कॅक्टसच आहे, आणि बाजारात लाल-पिवळ्या टोप्या घातलेले जे ‘मून कॅक्टस’ मिळतात त्यांच्या खालचा हिरवा खुंट बहुधा याच फांदीचा असतो. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही आणि आयुष्यभर खुंटावर जगतो. फांदीचे वीतभर तुकडे आठवडाभर सावलीत सुकवून मुरमाड मातीत लावले की महिन्याभरात मुळे धरतात. कलमाच्या वेळी खुंट स्वच्छ पात्याने आडवा कापावा आणि त्याच्या तिन्ही कडा पेन्सिलीला टोक काढावे तशा उतरत्या तासाव्यात, कारण गर सुकून आत बसतो आणि साल ताठ राहते, त्यामुळे न तासलेल्या खुंटावरचा गोळा उचलला जातो. खुंटावर बसवायच्या रंगीत गोळ्याचा तळही तसाच आडवा कापावा. कापलेल्या दोन्ही भागांच्या मध्यभागी एक फिकट वर्तुळ दिसते. ती दोन वर्तुळे निदान एका जागी एकमेकांवर आली पाहिजेत. मग कुंडीच्या तळातून दोन रबर आडवे-उभे लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे आणि कलमावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. पहिल्या वीसपैकी दहा साधली तरी हात बसतो आहे असे समजावे. रंगीत गोळ्यांची पिल्ले मिळवण्यासाठी चार-पाच चांगले नग एकदाच विकत घ्यावेत. अशा कलमांचे आयुष्य साधारणपणे काही वर्षांचेच असते, हे ग्राहकाला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

विक्रीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा धरावा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने होम मैदानावर ‘गड्डा’ ही जत्रा भरते. तेथील गर्दीत महागडा नग कोणी पाहणार नाही, पण हातात मावणारी स्वस्त कुंडी लोक सहज उचलतात. दर्दी ग्राहक हवा असेल तर त्याच महिन्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन एकदा पाहून यावे; विकायला नव्हे, भाव आणि मांडणी पाहायला.

बाहेरगावी रोपे पाठवताना एक चूक मी स्वतः केली आहे. सोलापूरात कपड्यांच्या कारखान्यांतील चिंध्या मुबलक आणि जवळजवळ फुकट मिळतात, म्हणून मी त्यांत कॅक्टस गुंडाळून पाठवले. काटे कापडाच्या धाग्यांत असे अडकले की सोडवताना अर्धे काटे चिंधीवरच राहिले, आणि फड्या निवडुंगाच्या जातीतल्या एका रोपाचे केसासारखे बारीक काटे ग्राहकाच्या बोटांत गेले ते निराळेच. तेव्हापासून रोप कुंडीतून काढून, माती झाडून, चार-पाच दिवस सावलीत सुकवून वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळतो आणि भोके पाडलेल्या खोक्यात घट्ट बसवतो. खोके सोमवारी रवाना करावे, म्हणजे ते रविवारभर कोणाच्या तरी गोदामात पडून राहत नाही. एप्रिल-मेमध्ये पाठवणेच बंद ठेवावे.

प्रश्न : माझी कॅक्टसची रोपे उन्हाळ्यात टिकतात, पण सप्टेंबरमध्ये खालून काळी पडून कोलमडतात. बागेतील काळ्या मातीत वाळू मिसळून मी कुंड्या भरतो. पाणीही मोजकेच घालतो. विक्रीसाठी लावलेली चाळीस रोपे या वर्षी गेली. – एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर आहे. काळी माती ज्वारीला वरदान असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि तिच्यात वाळू मिसळली तर चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या फटींत बसून मिश्रण आणखी घट्ट होते. काळी माती पूर्णपणे वगळावी. चाळलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि जाड वाळू मिळून चार भागांपैकी तीन भाग, व उरलेला एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, एवढे मिश्रण आपल्या हवेला पुरते. मुरमातील पिठासारखी बारीक माती चाळून टाकणे हाच त्यातला कष्टाचा भाग असून नेमका तोच टाळला जातो. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतावे. ते वर साचून न राहता लगेच तळातून वाहू लागले तर मिश्रण जमले.

राहिला सप्टेंबर. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस बेताचा असतो, म्हणून माणूस गाफील राहतो. पण सोलापूरचा सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरातच पडतो, आणि तोही दोन-तीन दिवसांत धो धो. शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेडनेटच्या वर पारदर्शक प्लास्टिक उतरते ताणावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि ते थेट दिवाळीच्या तोंडावर काढावे.

‘मोजकेच पाणी’ या शब्दांविषयीही थोडे लिहितो, कारण त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. रोज चमचाभर पाणी म्हणजे मोजके नव्हे. त्याने वरची माती सतत ओली राहते आणि मुळे कोरडी. पाणी द्यायचे तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यावे आणि नंतर कुंडी पूर्ण कोरडी होऊ द्यावी. ही झाडे इतर झाडांसारखी दिवसा श्वसनरंध्रे उघडत नाहीत. ती रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा दारे बंद करून अन्न तयार करतात. मे महिन्यात रात्रही तापलेली असली की हा व्यवहार मंदावतो, झाडाला पाणी नको असते, आणि अशा वेळी दुपारी तापलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत ओतलेले पाणी मुळांना अक्षरशः उकडते. उन्हाळ्यात पाणी सूर्यास्तानंतर द्यावे, कुंड्या फरशीवर न ठेवता विटांवर फळ्या टाकून उंचावर ठेवाव्यात. बोअरचे जड पाणी वापरत असाल तर मातीवर आणि देठावर पांढरा थर चढतो व रोप विक्रीला बेढब दिसते. पावसाचे पाणी साठवून विक्रीपूर्वीचे शेवटचे दोन महिने तेच दिले तर रोप ताजे राहते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हा छंद परवडतो, तो या झाडांच्या स्वभावामुळेच.

एक शंका मात्र आपण तपासून पाहावी. कोलमडलेल्या रोपांची मुळे आपण पाहिली का? काही वर्षांपूर्वी मी बाहेरगावच्या एका रोपवाटिकेतून साठ रोपे स्वस्तात आणली होती. वरून तजेलदार होती, म्हणून थेट आपल्या रोपांत मिसळली. तीन महिन्यांनी वाढ थांबली म्हणून एक कुंडी उलटी केली, तर कुंडीच्या आतल्या भिंतीला आणि मुळांना पिठाची फक्की लागल्यासारखा पांढरा थर होता. तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. शेजारच्या सव्वाशे कुंड्यांपर्यंत तो पोहोचला होता, कारण मी सगळ्या कुंड्या एकाच पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. सगळी रोपे काढून, मुळे धुऊन, छाटून, सुकवून नव्या मातीत लावावी लागली आणि तो हंगाम गेला. आता नवीन रोप आले की जुनी माती पूर्ण झाडून महिनाभर ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवतो, मग ते कोणाकडूनही आलेले असो.

प्रश्न : दुर्मीळ जातींना चांगला भाव येतो असे ऐकले. परदेशातून बी मागवून रोपे करावीत का? आमच्या गावाजवळच्या माळावर माकडशिंगी उगवते, तीही कुंडीत लावून विकता येईल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : माळावरून उपटून आणलेले एकही रोप विकू नये. माकडशिंगी ही मांसल खोडाची वनस्पती आपल्या कोरड्या माळांची मूळची रहिवासी आहे, काही ठिकाणी तिची भाजीही करतात. पण एकाने शंभर कुंड्यांसाठी माळ खणला की दुसऱ्या वर्षी पाचजण येतात. जुन्नरच्या परिसरातील कड्यांवर वाढणारी, तिच्याच कुळातील शिंदळ माकुडी तर महाराष्ट्राबाहेर कुठेही निसर्गतः सापडत नाही. आपल्या स्वतःच्या शेताच्या बांधावर माकडशिंगी असेल तर तिच्या एक-दोन फांद्या घेऊन त्यांपासून वाढवलेली रोपे विकावीत आणि मूळ झुडूप जागेवर राहू द्यावे.

परदेशी बियांचे म्हणाल, तर बी असो वा रोप, देशाबाहेरून मागवताना परदेशी रोगकिडी रोखण्यासाठी काढलेल्या वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाकिटात घालून गुपचूप बी पाठवणारे विक्रेते इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून घेणे कायद्याच्या विरुद्ध आहे आणि आलेले बी सांगितलेल्या जातीचेच आहे की नाही हे कळायला दोन-तीन वर्षे जातात. याशिवाय जवळजवळ संपूर्ण कॅक्टस कुळ १९७५ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि ॲरिओकार्पस किंवा ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस यांसारख्या, संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात अशा जाती त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून पहिल्या परिशिष्टातील जातींची रोपे तयार करून व्यवसाय करायला तीत परवान्याची तरतूद आहे. नवख्याने या वाटेला जाऊ नये. जायचेच असेल तर आधी वनविभागात लेखी चौकशी करावी.

नावाची खातरजमा न करणे किती महाग पडते याचा एक जुना दाखला आपल्याच देशातला आहे. निवडुंगावर वाढणाऱ्या कीटकापासून किरमिजी रंग काढण्याचा धंदा भारतात उभारावा म्हणून ब्रिटिशांनी १७९५ मध्ये तो कीटक आणवला. पण आला तो भलत्याच, निकृष्ट रंग देणाऱ्या जातीचा. रंगाचा धंदा बुडाला आणि त्या कीटकाने येथील फड्या निवडुंगाची एक जात मात्र फस्त करून टाकली. आपण निदान प्रत्येक कुंडीत खात्रीच्या नावाची पट्टी खोचावी. खात्री नसेल तेव्हा ‘मॅमिलारिया’ एवढेच लिहावे. ओढूनताणून दुर्मीळ नाव लावू नये. दर्दी ग्राहक एकदा फसला की परत येत नाही.

भाव हवा असेल तर दुर्मीळतेपेक्षा वयाकडे पाहावे. अडेनियमचे ताजे बी आठवड्याभरात उगवते, त्याला आपले ऊन मानवते, आणि दर वर्षी कुंडी बदलताना खोड थोडे वर उचलत गेले की तीन-चार वर्षांत त्याला भरदार, गाठीदार आकार येतो. दर वर्षी पन्नास बिया लावून त्यांतली दहाच उत्तम रोपे राखून ठेवली, तरी चौथ्या वर्षापासून बार्शीतल्या आपल्या अंगणात असा माल असेल जो दुसऱ्या कोणाला घाईने तयार करता येत नाही.

प्रश्न : गच्चीवरून रोपे विकायला जीएसटी नोंदणी लागते का? आयकराचे काय? – एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : जिवंत रोपांवर जीएसटी नाही, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नसते. मात्र रिकाम्या कुंड्या, रंगीत खडे किंवा भेटवस्तूचे संच विकू लागलात तर हिशोब बदलतो. आयकर कायद्यात २००८ च्या वित्त अधिनियमाने घातलेल्या स्पष्टीकरणानुसार रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेती उत्पन्न मानले जाते. दुसऱ्याकडून तयार रोपे आणून नफ्याने विकली तर तो व्यापार ठरतो. म्हणून स्वतः वाढवलेला आणि विकत आणलेला माल यांच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात, आणि मार्चअखेर दोन्ही वह्या घेऊन कर सल्लागाराकडे जावे.